एसीचा कॉन्टॅक्टर बदलायचा, चांगला टाकायचा: गावाकडून येणारे नेहमीचे प्रश्न

उन्हाळा लागला की फोन सुरू होतात. कोणाचं मेडिकल स्टोअर, कोणाचा दवाखाना, कोणाचं मंगल कार्यालय, वरुड-मोर्शीकडं संत्र्याचं कोल्ड स्टोरेज, दूध संकलनावरचा बल्क कूलर. तक्रार बहुतेक एकच, आऊटडोअर टकटक करते, थरथरते, मधेच बंद पडते, आणि आधी आलेला मिस्त्री म्हणतो कॉन्टॅक्टर मोठा टाका. तेच तेच प्रश्न इतक्या वेळा आले की आता लिहूनच ठेवतो. मी एसी-फ्रीजची आणि मोटरीच्या स्टार्टरची दोन्ही कामं करतो, म्हणून दोन्हीकडच्या गोष्टी येतील.

कॉन्टॅक्टर म्हणजे नेमकं काय हो?

तुमच्या विहिरीवरच्या स्टार्टरचं झाकण उघडून पाहा, आत हिरवं बटण दाबलं की खट्ट करून जे खाली बसतं ना, तोच कॉन्टॅक्टर. एक कॉइल असते, तिला करंट मिळाला की ती चुंबक होते, लोखंडी तुकडा ओढते आणि त्याच्याबरोबर चांदीच्या मिश्रधातूचे कॉन्टॅक्ट एकमेकांवर बसतात, मोठा करंट चालू होतो. कॉइलचा करंट गेला की स्प्रिंग त्याला परत उचलते. एसीमध्ये बटणाच्या जागी थर्मोस्टॅट किंवा इनडोअरचा पीसीबी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक कार्ड, कॉइलला करंट देतो, बाकी काम सेम. ज्यानं स्टार्टर पाहिलाय त्याला एसीचा कॉन्टॅक्टर समजायला पाच मिनिटं लागतात.

माझ्या एसीत कॉन्टॅक्टर आहे का हे कसं ओळखू?

इन्व्हर्टर एसी असेल तर कॉम्प्रेसरसाठी कॉन्टॅक्टर नसतोच, तिथं सगळं इलेक्ट्रॉनिक कार्डावर चालतं, हे पान तुमच्यासाठी नाही. साध्या एक-दीड टनाच्या स्प्लिटमध्ये बहुतेक वेळा पीसीबीवरचा रिलेच, म्हणजे कॉन्टॅक्टरचाच बारका भाऊ, कॉम्प्रेसर चालवतो. दोन टन आणि वरचे साधे स्प्लिट, टॉवर एसी, कॅसेट, डक्टेबल, कोल्ड रूम, बल्क कूलर यांत साधारणपणे कॉन्टॅक्टर सापडतो, आऊटडोअरच्या साईडचं पत्र्याचं झाकण काढलं की समोरच. अट एकच, आधी एमसीबी पाडा मग झाकण काढा.

नुसता नवा टाकणं आणि अपग्रेड करणं यात फरक काय?

जसा होता तसा परत टाकला तर ते बदलणं झालं, आणि शहरात बहुतेक वेळा तेवढं पुरतं. आपल्याकडं पुरत नाही, कारण आपल्याकडं कॉन्टॅक्टर म्हातारा होऊन मरत नाही, तो डिम लाईननं, म्हणजे पडलेल्या व्होल्टेजनं, मुंग्यांनी आणि धुळीनं मरतो. तोच माल परत टाकला तर पुढच्या मे महिन्यात परत तोच खर्च. म्हणून मी अपग्रेड म्हणतो तेव्हा त्यात चार गोष्टी येतात: आपल्या व्होल्टेजला जमणारी कॉइल, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारे पोल (पोल म्हणजे एक वायर जोडणारी-तोडणारी कॉन्टॅक्टची जोडी), तीन मिनिटांचा टायमर, आणि व्होल्टेज फार पडलं तर बंद करणारं संरक्षण. अँपिअर वाढवणं हे यात सगळ्यात शेवटी येतं, आणि लोकं नेमके तिथूनच सुरुवात करतात.

टकटक, घुरघुर आवाज काहून येतो?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे म्हणून जरा लांब लिहितो.

साधारण एसी कॉइलचा (इथला एसी म्हणजे लाईनचा एसी करंट, एअर कंडिशनर नाही) कॉन्टॅक्टर त्याच्यावर लिहिलेल्या व्होल्टेजच्या ८५ टक्के ते ११० टक्के या पट्ट्यात नीट ओढायला हवा असा नियम असतो. म्हणजे २३० ची कॉइल असेल तर खालची हद्द साधारण १९५ व्होल्ट. आता आपल्याकडं काय होतं, शेतीची थ्री फेज लाईन आली की ज्यांनी ज्यांनी ऑटो स्विच लावून ठेवलेत त्यांच्या सगळ्या मोटरी एकाच वेळी सुरू होतात, एकाच डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) गावाचाही लोड असेल तर घरातला बल्ब पिवळा पडतो, आणि मीटर लावून पाहिलं तर १८०, कधी १७०. त्या व्होल्टेजवर कॉइल अर्धवट ओढते, कॉन्टॅक्ट टेकतात, कॉम्प्रेसर सुरू व्हायला जोर लावतो, तेवढ्यात व्होल्टेज अजून पडतं, कॉन्टॅक्टर सुटतो, लोड गेला की व्होल्टेज परत चढतं, परत ओढतो. हे सेकंदाला कित्येक वेळा. प्रत्येक वेळी ठिणगी आणि प्रत्येक वेळी कॉम्प्रेसरचा सुरुवातीचा करंट, जो चालू करंटच्या पाच-सहा पट असतो. कॉन्टॅक्ट खाल्ले जातात, कधी तर वितळून चिकटतात.

आणि यातच कॉइलही जळते. लोकांना वाटतं व्होल्टेज कमी तर कॉइलला त्रासही कमी, तसं नाही. एसी कॉइल जोपर्यंत लोखंड पूर्ण ओढून बसवत नाही तोपर्यंत ती खूप जास्त करंट खाते. लहान कॉन्टॅक्टरचं उदाहरण घ्या, ओढताना ७० व्हीए (व्होल्ट गुणिले अँपिअर) लागतात आणि एकदा बसला की फक्त ७ च्या आसपास. म्हणजे अर्धवट लटकलेली कॉइल दहापट करंटच्या जवळपास राहते, आणि तीही बाहेर ४५ डिग्री असताना बंद पत्र्याच्या डब्यात. जळणार नाही तर काय होईल.

आवाजाचं दुसरं कारण साधं असतं, चुंबकाच्या तोंडावर धूळ किंवा गंज बसलेला असतो, किंवा तिथं जी तांब्याची छोटी रिंग असते ती तुटलेली असते. व्होल्टेज २३० असूनही घुरघुर असेल तर हे पाहा. जिनिंगच्या आसपासच्या भागात, हिंगणघाट म्हणा, यवतमाळकडं म्हणा, कापसाचा बारीक तंतू आत जाऊन नमदा बनलेला मी पाहिलाय.

मग कॉइल किती व्होल्टची घ्यावी? दुकानदार २२० पण देतो आणि २४० पण.

डब्यावर नाही, कॉन्टॅक्टरच्या अंगावर कॉइलजवळ लिहिलेलं वाचा. २२० ची कॉइल साधारण १८७ ला ओढते, २४० ची २०४ च्या खाली कुरकुर करते. म्हणून डिम लाईनच्या गावात २२० ची बरी वाटते. पण रात्री बारानंतर मोटरी बंद झाल्या की बऱ्याच ठिकाणी व्होल्टेज २५० च्या वर जातं, आणि २२० च्या कॉइलची वरची हद्द आहे २४२. तिथं ती गरम होत राहते. म्हणजे दिवसा एक अडचण, रात्री दुसरी.

यावर उपाय म्हणजे इलेक्ट्रॉनिक कॉइलचा, रुंद रेंजचा कॉन्टॅक्टर. एबीबीच्या एएफ सिरीजमध्ये १०० ते २५० व्होल्ट एकाच कॉइलवर चालणारे येतात, दुसऱ्या कंपन्यांचेही असे मिळतात. तो एकतर पूर्ण ओढतो किंवा ओढतच नाही, मधे लटकत नाही, आवाजही नाही. किंमत साध्यापेक्षा जास्त आहे, तालुक्याला लगेच मिळेलच असं नाही, अमरावती, नागपूर, अकोल्याहून मागवावा लागतो. जिथं धंदा एसीवर अवलंबून आहे तिथं मी हाच सांगतो.

पण थांबा, यात एक धोका आहे. साधा कॉन्टॅक्टर १८० ला टकटक करत होता, म्हणजे तो तुम्हाला ओरडून सांगत होता की लाईन डाऊन आहे. रुंद रेंजवाला १५० ला पण शांत बसून राहील, आणि कॉम्प्रेसर मात्र त्या व्होल्टेजवर जास्त करंट ओढत, गरम होत जळून जाईल. कॉन्टॅक्टर वाचला आणि कॉम्प्रेसर गेला असा सौदा कोणाला परवडत नाही. म्हणून हा कॉन्टॅक्टर टाकला तर त्याच्या कॉइलच्या मार्गात कमी-जास्त व्होल्टेजचा कट-ऑफ रिले टाकायचाच टाकायचा. मी खालची सेटिंग १९५ च्या आसपास ठेवतो, वरची २५५.

स्टॅबिलायझर आहे, मग हे सगळं कशाला?

चांगला, योग्य कपॅसिटीचा स्टॅबिलायझर असेल आणि आऊटडोअरची पूर्ण लाईन त्यातूनच जात असेल तर अर्धी लढाई जिंकली, साधा कॉन्टॅक्टरही टिकतो. पण बऱ्याच ठिकाणी मला दिसतं की इनडोअर स्टॅबिलायझरवर आणि आऊटडोअरला बोर्डातून सरळ वेगळी वायर. कॉम्प्रेसर डायरेक्ट लाईनवरच चाललेला असतो आणि मालकाला वाटतं आपण सेफ आहोत. एकदा वायर हातानं मागं मागं जाऊन तपासा. दुसरं, स्टॅबिलायझरच्या लेबलवरची खालची हद्द वाचा, १७० वाला आणि १३० वाला यात आपल्या गावासाठी लई फरक आहे.

अँपिअर किती घ्यायचे? दुकानदार म्हणतो २५ चा आहे, बिनधास्त लावा.

इथं सगळ्यात जास्त फसवणूक होते, कधी न कळत पण होते. कॉन्टॅक्टरवर दोन आकडे असतात. एक एसी-१ चा, तो हीटरसारख्या साध्या लोडचा. दुसरा एसी-३ चा, तो मोटरचा. एकाच कॉन्टॅक्टरवर एसी-१ ला २५ आणि एसी-३ ला ९ असं लिहिलेलं असतं, आणि दुकानदार मोठा आकडा वाचून दाखवतो. (इथला एसी म्हणजे एअर कंडिशनर नाही, लोडच्या प्रकाराचं नाव आहे.) कॉम्प्रेसर ही मोटर आहे, तेही गॅसच्या दाबावर सुरू होणारी, म्हणून एसी-३ चाच आकडा बघायचा. काही कॉन्टॅक्टरवर एसी-८ असं पण दिसेल, तो खास सीलबंद कॉम्प्रेसरसाठीच दिलेला आकडा असतो.

आऊटडोअरच्या प्लेटवर करंट लिहिलेला असतो. दोन टनाचा साधा सिंगल फेज एसी साधारण १० ते ११ अँपिअर घेतो. त्याला मी एसी-३ मध्ये १८ चा लावतो, म्हणजे उष्णतेसाठी आणि कमी व्होल्टेजला वाढणाऱ्या करंटसाठी जागा राहते. आपल्याकडं चंद्रपूर-ब्रह्मपुरी भागात बाहेर पारा ४५ च्या वर जातो, टिनाच्या छतावर ठेवलेल्या आऊटडोअरच्या डब्यात त्याहून बरंच जास्त, आणि कॉन्टॅक्टरचे आकडे एका ठरावीक तापमानापर्यंतच खरे असतात. म्हणून एक साईज वरचा घ्या, हे बरोबर.

मग अजून मोठा, चाळीस-पन्नासचा का नको?

कारण मोठ्या कॉन्टॅक्टरची कॉइलही मोठी, तिला ओढायला जास्त करंट लागतो, आणि तो करंट देतो कोण, तर इनडोअरच्या पीसीबीवरचा बारकासा रिले. मोठा कॉन्टॅक्टर टाकून सहा महिन्यांत पीसीबीचा रिले गेलेला मी दुरुस्त केलाय. शिवाय डिम लाईनमध्ये मोठी कॉइल काही जास्त समजूतदार नसते, ती पण ८५ टक्क्यांवरच चालते. एक साईज वर, बस.

एक पोल, दोन पोल, तीन पोल, काय घेऊ?

सिंगल फेजला कमीत कमी दोन पोल. काही जुन्या आणि बाहेरून आलेल्या मशिनीत एकच पोल तुटतो आणि दुसऱ्या बाजूला नुसती पितळी पट्टी असते. आता आपल्या गावातली वायरिंग आठवा, किती बोर्डात फेज आणि न्यूट्रल उलटे आहेत? उलटं असेल तर तो एक पोल न्यूट्रल तोडतो आणि कॉम्प्रेसर बंद असूनही फेजवर जिवंत राहतो. कोणी बंद आहे समजून हात घातला तर काय होईल हे सांगायला नको. दोन पोलचा कॉन्टॅक्टर दोन्ही वायरी तोडतो. तरी हात घालायच्या आधी एमसीबी पाडायचीच, कॉन्टॅक्टर म्हणजे मेन स्विच नाही.

दोन पोलचा नाही मिळाला तर बाजारात सहज मिळणारा तीन पोलवाला घ्या, एकातून फेज, एकातून न्यूट्रल, तिसरा रिकामा. त्याला खाली थर्मल ओव्हरलोड रिले (करंट जास्त गेला की बंद करणारा) लावणार असाल तर मात्र फेज दोन पोलातून एकामागे एक फिरवून घ्या, म्हणजे रिलेच्या तिन्ही पट्ट्यांतून करंट जातो. नाहीतर त्याला वाटतं एक फेज गेला आणि तो विनाकारण ट्रिप मारतो.

एक बारीक गोष्ट, एक पोलवाल्याच्या जागी दोन पोल टाकताना पट्टीच्या बाजूला क्रँककेस हीटरची (बंद कॉम्प्रेसरचं तेल गरम ठेवणारा हीटर) वायर आहे का बघा, असेल तर ती कॉन्टॅक्टरच्या आधी लाईनच्या बाजूला ठेवा. आपल्याकडं बहुतेक मशिनीत तो नसतोच, पण कोल्ड रूमला असतो.

पीसीबीवरचा रिले जळला, मिस्त्री म्हणतो बाहेरून कॉन्टॅक्टर लावून देतो. चालेल का?

चालतं, नीट केलं तर पीसीबीचं आयुष्यही वाढतं, कारण मग पीसीबीला फक्त कॉइल चालवायची असते. पीसीबीकडून कॉम्प्रेसरला जाणारी वायर कॉइलला, आणि कॉम्प्रेसरला फेज कॉन्टॅक्टरमधून. आऊटडोअरचा पंखा बहुतेक त्याच वायरवर असतो, तो पण कॉन्टॅक्टरच्या पुढं घ्या. कॉम्प्रेसरच्या डोक्यावरचा ओव्हरलोड प्रोटेक्टर होता तिथंच राहू द्या, कोणी तो काढून टाकत असेल तर काम थांबवा.

यात एक जीवघेणी चूक होते. नवी फेज वायर दुसऱ्याच बोर्डातून, दुसऱ्याच एमसीबीवरून ओढतात. मग एसीची एमसीबी पाडली तरी आऊटडोअरला फेज चालूच. कॉइल आणि मेन लाईन दोन्ही एकाच एमसीबीखाली, आणि दोन्ही स्टॅबिलायझरच्या नंतर. मिस्त्रीला हे आधी बोलून घ्या, लाजू नका.

लाईन गेली-आली की लगेच सुरू होतो आणि घुरघुरून बंद पडतो. का?

कॉम्प्रेसर बंद झाला की आतला गॅसचा दाब दोन्हीकडं सारखा व्हायला साधारण तीन मिनिटं लागतात. त्याच्या आत लाईन दिली तर तो दाबाविरुद्ध सुरूच होऊ शकत नाही, जागच्या जागी पाच-सहा पट करंट घेत उभा राहतो, मग ओव्हरलोड उडतो. पावसाळ्याच्या तोंडी वादळात लाईन दहा मिनिटांत पाचदा जाते-येते तेव्हा हेच होतं. पीसीबीत बहुतेक वेळा हा टायमर असतो, पण जुन्या मशिनीत, बल्क कूलरमध्ये, आणि कोणी बायपास करून ठेवलेल्या एसीत नसतो. कॉइलच्या मार्गात एक ऑन-डिले टायमर, तीन मिनिटांवर सेट. सगळ्या अपग्रेडमध्ये सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाची वस्तू हीच आहे असं माझं मत आहे.

कॉन्टॅक्टर ओढत नाही म्हणून लाकडाची खुंटी लावून दाबून ठेवला तर काम भागेल का?

नाही. हे कोणी करू नका, हात जोडून सांगतो.

एका मंगल कार्यालयात ऐन लग्नसराईत मला बोलावलं होतं. थ्री फेज डक्टेबल मशीन, सकाळपासून कॉन्टॅक्टर टकटक करत होता, मांडवात वऱ्हाडी घामाघूम, म्हणून कोणीतरी कॉन्टॅक्टरमध्ये लाकडाचा तुकडा ठोकून तो कायमचा बसवून टाकला. दुपारी एक फेज उडाला. नुसता कॉन्टॅक्टर असता तर प्रिव्हेंटरनं (एक फेज गेला की कॉइल बंद करणारा रिले) कॉइल सोडली असती, पण खुंटीला कोण सोडणार? दोन फेजवर कॉम्प्रेसर चालत राहिला आणि वाइंडिंग जळलं. मी पोचलो तेव्हा वार्निशचा तो जळका वास सगळ्या हॉलमध्ये होता. मुलीच्या बापाचा चेहरा मला अजून आठवतो, त्यानं कार्यालयाचे पूर्ण पैसे एसीसहित भरले होते. कॉन्टॅक्टर ओढत नाही याचा अर्थ काहीतरी चुकतंय, त्याला जबरदस्ती बसवणं म्हणजे आजारी बैलाला आर टोचून नांगराला लावणं आहे.

थ्री फेज मशीनला अजून काय पाहिजे?

सिंगल फेज प्रिव्हेंटर, जो तुमच्या मोटरीच्या स्टार्टरला असतो तोच, कॉइलच्या मार्गात. त्यातही फेजचा क्रम ओळखणारा घ्या. स्क्रोल कॉम्प्रेसर उलटा फिरला तर मोठा खडखडाट होतो, गार काहीच होत नाही आणि तसाच चालू ठेवला तर तो खराब होतो. डीपीवर काम झालं, सर्व्हिस वायर परत जोडली की फेज अदलाबदल होऊ शकते. आणि कॉन्टॅक्टर बदलताना वायरींचा फोटो आधी मोबाईलवर काढा, ज्या क्रमानं होत्या त्याच क्रमानं लावा.

मुंग्या! दर पावसाळ्यात कॉन्टॅक्टरमध्ये मुंग्या निघतात.

खरं आहे, आणि ही लहान गोष्ट नाही. मुंग्या कॉन्टॅक्टच्या फटीत जातात, चिरडतात, त्यांचा थर बसला की कॉन्टॅक्ट टेकूनही करंट जात नाही. एकीला करंट लागला की ती मरताना जो वास सोडते त्यानं बाकीच्या अजून गोळा होतात, म्हणून एकदम मूठभर सापडतात. पाल पण तशीच, ऊबेला येते आणि दोन टर्मिनलच्या मधे जळते.

उघड्या कॉन्टॅक्टच्या जागी बंद बॉडीचा कॉन्टॅक्टर घ्या, आणि जमलं तर तो रबरी पॅकिंगच्या प्लास्टिक डब्यात बसवा, वायर जिथून आत जाते तिथं ग्लँड, म्हणजे वायर आवळून फट बंद करणारं बूच, लावा. आऊटडोअरचा स्टँड जमिनीपासून उंच, झाडाची फांदी किंवा वेल टेकू देऊ नका. मुंग्यांचा खडू स्टँडच्या पायाला बाहेरून ओढा. पावडर किंवा फवारा आत कॉन्टॅक्टवर मारू नका, त्याचा थर बसतो आणि काही फवारे पेट घेतात.

कॉन्टॅक्ट काळे पडले, पॉलिश पेपरनं घासून घेऊ का?

आमच्या म्हाताऱ्या उस्तादांनी पण आयुष्यभर घासले, पण आता मी घासत नाही. नुसता काळपटपणा हा चांदीच्या मिश्रधातूचा स्वभाव आहे, त्यानं काही बिघडत नाही. घासलं की वरचा चांदीचा पातळ थर निघतो, खालचं तांबं उघडं पडतं आणि मग तो लवकर चिकटतो. खड्डे पडले असतील, कडा वितळल्या असतील तर बदला.

कळत नसेल तर मीटरनं बघा. कॉम्प्रेसर चालू असताना कॉन्टॅक्टच्या एका पोलच्या वरच्या आणि खालच्या टर्मिनलमध्ये व्होल्ट मोजा. ०.१ च्या आत असेल तर ठीक. अर्धा व्होल्ट दाखवला आणि करंट १० अँपिअर असेल तर त्या एवढ्याशा जागेत ५ वॅट उष्णता सतत तयार होतेय. हे माप चालू लाईनवरचं आहे, म्हणून ज्याला सवय आहे त्यानंच घ्यावं, घरच्या पोरांनी नाही.

बिघाड कॉन्टॅक्टरचा आहे की कंडेन्सरचा?

आधी शब्दाचा घोळ. आपल्याकडं मोटरीच्या कपॅसिटरला सगळे कंडेन्सर म्हणतात, आणि एसीत बाहेरच्या जाळीच्या कॉइललाही कंडेन्सर म्हणतात. फोनवर यामुळं फार गोंधळ होतो, म्हणून मी विचारतो, डबीवाला की जाळीवाला?

कॉन्टॅक्टर खट्ट करून नीट बसला, पुढं व्होल्टेज जातंय, पंखा फिरतोय, पण कॉम्प्रेसर फक्त हुं करून थांबतो, तर आधी डबीवाला कपॅसिटर तपासा. कॉन्टॅक्टर बसतच नाही आणि कॉइलवर व्होल्टेज येतंय तर कॉइल गेली, लाईन बंद करून वायर काढून ओहम मोजा, चांगली कॉइल काही शे ओहम दाखवते, तुटलेली काहीच दाखवत नाही. कॉइलवर व्होल्टेजच येत नाही तर बिघाड मागं आहे, पीसीबी, थर्मोस्टॅट, प्रेशर स्विच. अशा वेळी नवा कॉन्टॅक्टर टाकून काही फायदा नाही, तरी कित्येक जण तो टाकून बसलेले असतात.

घरी स्वतः बदलू शकतो का?

ज्याला स्टार्टर खोलता-जोडता येतो, मीटर वापरता येतो, त्याला येईल. ज्याला नाही त्यानं शेजारी उभं राहून करून घ्यावं, त्यात कमीपणा नाही.

करणाऱ्यानं हे पाळा. एमसीबी पाडा, स्टॅबिलायझर बंद, आणि बोर्डाजवळ एक माणूस उभा करा नाहीतर कोणीतरी येऊन लाईन का गेली म्हणत चालू करतो. टेस्टरवर विसंबू नका, मीटरनं फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ तिन्ही बघा. कपॅसिटर लाईन बंद झाल्यावरही चार्ज धरून असतो, पेचकस लावून फटाका काढायची सवय सोडा, दहा-वीस किलोओहमचा पाच वॅटचा रेझिस्टर टर्मिनलला थोडा वेळ धरा आणि मग मोजून बघा.

जोडताना वायरीच्या टोकाला थिंबल (धातूची टोपी) दाबा, स्क्रू घट्ट करा पण चुड्या जातील इतका नाही. ॲल्युमिनियमची वायर असेल तर ती कॉन्टॅक्टरला सरळ लावू नका, काही महिन्यांत सैल होते, गरम होते. शेवटचा तुकडा तांब्याचा घ्या आणि सांध्याला दोन धातूंचा खास लग वापरा. दीड टनाला २.५ चौरस मिलिमीटर तांबं चालतं, दोन टनाला ४. लांब ओढलेली बारीक वायर हे पण डिम व्होल्टेजचं कारण असतं, लोकं डीपीला दोष देतात आणि वायर मात्र घरचीच बारीक असते. एसी चालू असताना मीटरजवळ आणि आऊटडोअरजवळ दोन्हीकडं व्होल्टेज मोजा, फरक कळेल.

एसएसआर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक रिले लावला तर कॉन्टॅक्ट घासायचा प्रश्नच नाही ना?

घासायचा नाही, पण तो स्वतः चालताना गरम होतो, त्याला ॲल्युमिनियमचा मोठा हीटसिंक लागतो, आणि आपल्या उन्हात आऊटडोअरच्या डब्यात ती उष्णता जाणार कुठं? त्यात तो खराब होतो तेव्हा बहुतेक वेळा चालू अवस्थेतच अडकतो, म्हणजे बंदच होत नाही. मी कॉम्प्रेसरला लावत नाही.

अर्थिंगचा यात काय संबंध?

कॉन्टॅक्टर जळून त्याची फेज पत्र्याला लागली तर तुम्हाला वाचवणारी तीच आहे. आपली काळी माती एप्रिल-मेमध्ये भेगाळते, इतकी की हात जाईल, आणि अर्थिंगच्या खड्ड्यातली ओल पूर्ण जाते. पावसाळ्यात चांगली असलेली अर्थिंग मेमध्ये नावालाच उरते, आणि एसी चालतो तो नेमका मेमध्ये. उन्हाळ्यात खड्ड्यात अधूनमधून पाणी टाका, कूलरमध्ये भरता तसं. आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच) लावून घ्या, विशेषतः जिथं आऊटडोअर लेकरांच्या हाताला लागेल अशा उंचीवर आहे.

कबाडीत जुना चांगला कॉन्टॅक्टर मिळतो, घेऊ का?

मोटरीच्या स्टार्टरला लोकं घेतात, मला माहीत आहे. एसीला नको. कॉन्टॅक्ट किती खाल्लेत, स्प्रिंग किती ढिली झाली हे बाहेरून कळत नाही. नवा घेताना पक्कं बिल घ्या, कॉइलचं व्होल्टेज आणि एसी-३ चा आकडा अंगावर छापलेला आहे का बघा, हातात धरून बोटानं दाबून बघा, सरळ खाली जाऊन सरळ वर यायला पाहिजे.

बदलायची बरोबर वेळ कोणती?

होळीच्या आधी. फेब्रुवारीत दुकानात माल असतो, मिस्त्री मोकळा असतो, आणि आऊटडोअरच्या पत्र्याला हात लावता येतो. मेमध्ये दुपारी बारा ते चार मी स्लॅबवर चढत नाही, कितीही फोन आले तरी, कारण पेचकस हातात धरवत नाही आणि घामाच्या हातानं लाईनचं काम करणं धोक्याचं आहे. संध्याकाळी येतो.

काम झालं की झाकणाच्या आतल्या बाजूला पक्क्या मार्करनं तारीख, कॉइलचं व्होल्टेज, टायमरची आणि कट-ऑफची सेटिंग लिहून ठेवा. दोन वर्षांनी जो कोणी ते झाकण उघडेल, मी असो की दुसरा कोणी, त्याला पहिल्यापासून शोधत बसावं लागणार नाही.